कुंपण किती मिनिटांचं?

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं गोदाम औसा तालुक्यात, गावापासून दीडेक किलोमीटर बाजूला, रानात आहे. खरिपाचं सोयाबीन, मग तूर, मग हरभरा असं करत वर्षातला बराच काळ ते भरलेलं असतं. हे गोदाम डब्ल्यूडीआरएकडे, म्हणजे गोदाम विकास आणि नियमन प्राधिकरणाकडे, नोंदवायचं संचालक मंडळानं ठरवलं. नोंदणी झाली की सभासदाच्या मालाची इलेक्ट्रॉनिक पावती निघते, तिच्यावर बँक तारण कर्ज देते आणि भाव पडलेला असताना दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन मिळेल त्या दरानं घालावं लागत नाही. पण नोंदणी म्हटलं की विमा आला, आणि विमा म्हटलं की आवाराची सुरक्षा आली. तोवर गोदामाभोवती दगडी खांब आणि काटेरी तारेचे चार पदर एवढंच होतं. शेळ्यासुद्धा त्यातून अंग चोरून जायच्या. मी कंपनीची व्यवस्थापक, तेव्हा कंपाउंडचं काम माझ्याच गळ्यात पडणार होतं.

कोटेशनं आली ती सगळी रनिंग फुटावर. सहा फूट उंची, दहा गेजची चेनलिंक, म्हणजे तारा एकमेकींत गुंफलेली जाळी, वर काटेरी तारेचे तीन पदर, इतके रुपये फूट. एकानं बारा गेज लावून दर पाडला होता. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे मंडळातल्या निम्म्या लोकांना उलटंच वाटत होतं, म्हणून मला फळ्यावर लिहून दाखवावं लागलं : आठ गेज म्हणजे साधारण ४ मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन, बारा म्हणजे अडीचच्या थोडं वर. "मजबूत आहे ना?" असं विचारलं की प्रत्येक ठेकेदाराचं एकच उत्तर, "ताई, एकदम हेवी." हेवी म्हणजे किती, हे मात्र एकालाही सांगता येईना.

आमचे अध्यक्ष अण्णा सरळ भिंतीच्या बाजूचे. "जाळीबिळी कशाला, आठ फूट भिंत घाला अन् मोकळे व्हा." भिंतीचा खर्च काढला तेव्हा तेही गप्प झाले, पण मनातून भिंत गेली नव्हती.

गावात एक काका आहेत, सीआयएसएफमधून, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातून, निवृत्त झालेले. त्यांची नोकरी विमानतळ आणि कारखान्यांच्या कुंपणाकडेनं फिरण्यात गेली. त्यांना कोटेशनं दाखवली तर त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही खिशातून. म्हणाले, "हे सगळं ठीक हाय. चोर आला हे तुमाला कळंल कधी, आन् कळल्यावर माणसं येतील कधी, तेवढं सांगा."

हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. वॉचमन मामा एकटे, रात्री गेटाजवळच्या खोलीत. गोदामाची मागची बाजू त्यांना तिथून दिसत नाही. त्यांना कळलं आणि त्यांनी फोन केला, तर गावातून पोरं मोटारसायकलीवर निघून पोचायला आठ-दहा मिनिटं. ११२ ला फोन लावला तर पोलिसांची गाडी त्या वेळी कुठे असेल त्यावर सगळं. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला असली तर अर्धा तास धरा.

काकांचं म्हणणं असं की कुंपण कुणालाच कायमचं अडवत नाही. हाताशी वेळ असेल तर माणूस काहीही तोडतो. कुंपण फक्त वेळ खातं, आणि तो वेळही आपल्या पदरात तेव्हाच पडतो जेव्हा चोर आल्याचं आपल्याला कळलेलं असतं. चोरानं निवांत बसून अर्धा तास जाळी कापली आणि कुणाला पत्ताच नाही, तर त्या अर्ध्या तासाचा उपयोग शून्य. म्हणून आधी कळण्याची सोय, ती सगळ्यात बाहेरच्या कडेला. आणि कळल्यापासून माणसं पोचेपर्यंत चोराला गुंतवून ठेवेल एवढा अडथळा. आमच्या बाबतीत हा हिशेब दहा-बारा मिनिटांचा होता. ही मिनिटं एकट्या कुंपणातून काढायची नाहीत. कुंपण, मधलं मोकळं आवार, शटर, कुलूप आणि माल उचलून नेण्याची मेहनत या सगळ्यांची मिळून काढायची.

त्याच सुमारास मी विम्याची पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचून काढली. एजंट तिला 'चोरीचा विमा' म्हणतो. कागदावर मात्र 'बर्गलरी अँड हाऊसब्रेकिंग' असतं, आणि आत शिरताना किंवा बाहेर पडताना प्रत्यक्ष बळाचा वापर झालेला असला पाहिजे अशी त्यात अट असते. हा वाद २००४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पॉलिसीत बळानं प्रवेशाची अट असेल तर नुसती चोरी झाली एवढ्यावर भरपाई मिळत नाही, चोरी आणि बळाचा वापर दोन्ही असावे लागतात, असं न्यायालयानं सांगितलं. आमच्या गोदामाच्या भाषेत याचा अर्थ सोपा आहे. उघड्या राहिलेल्या गेटातून कुणी कट्टे उचलून नेले तर विमा कंपनी हात वर करू शकते. कापलेली तार, वाकलेला अँगल, तुटलेलं कुलूप हाच आपला पुरावा. म्हणजे कुंपण तुटलं तरी तुटल्याची खूण मागे राहील असं ते असलं पाहिजे. आमच्या जुन्या चार पदरी तारेत तीही राहिली नसती. तार पायाखाली दाबायची, पलीकडे जायचं, पाय उचलला की तार पुन्हा जागेवर.

काकांनी 'मिनिटं' डोक्यात घातल्यावर मी शोधत बसले. आपल्याकडे काटेरी तारेसाठी आयएस २७८ आणि चेनलिंकसाठी आयएस २७२१ ही भारतीय मानकं आहेत. तारेची जाडी, जस्ताचा लेप, जाळीच्या घराचं माप हे त्यांत येतं. माल चोख आहे की नाही हे त्यावरून पारखता येतं. तो माल माणसाला किती वेळ रोखेल, हा त्या मानकांचा विषय नाही. ब्रिटनमध्ये एलपीएस ११७५ नावाचं मानक आहे, ते मला फार पटलं. त्याच्या आताच्या पद्धतीत दर्जा एक अक्षर आणि एका आकड्यानं सांगतात. अक्षर हत्यारांच्या गटाचं, ए पासून एच पर्यंत. ए मध्ये किरकोळ हातहत्यारं, पुढे सरकाल तशी जड आणि मोटारवाली. आकडा मिनिटांचा : १, ३, ५, १०, १५, २०. बी३ म्हणजे बी गटातली हत्यारं घेऊन आलेल्या माणसाला तीन मिनिटं रोखणारं. चाचणी घेणारे आधी त्या वस्तूची बनावट अभ्यासतात, सगळ्यात कच्ची जागा हेरतात आणि तिथेच घाव घालतात. दारं, खिडक्या, शटर यांच्यासाठी युरोपात ईएन १६२७ आहे. त्यात आरसी२ दर्जाला ३ मिनिटं, आरसी३ ला ५, आरसी४ ला १०. तीन मिनिटं ऐकून अण्णा हसले होते. "एवढ्याशासाठी प्रमाणपत्र?" पण रात्री दोन वाजता, कुणीतरी येतंय या धास्तीत, तीन मिनिटं फार मोठी असतात.

तसलं प्रमाणपत्रवालं कुंपण औशाच्या रानात आणून उभं करणं आमच्या ऐपतीबाहेरचं. चाचणी मात्र आपल्यापुरती घेता येत होती. लातूरच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्या दादांना मी सांगितलं, ऑर्डर तुम्हालाच देते, पण आधी तुमच्या पोरांनी तुमचंच कुंपण माझ्यासमोर तोडून दाखवायचं.

"ताई, तोडायचे पैसे देणार काय?"

"हाव, देणार."

त्यांच्या शेडमागच्या मोकळ्या जागेत अँगल रोवून तीन-चार तऱ्हेच्या जाळ्या ताणल्या. हत्यारं ठरवली ती खांद्यावरून किंवा पिकअपच्या हौद्यातून सहज आणता येतील अशीच : पहार, हॅक्सॉ, मोठा बोल्ट कटर, बॅटरीवरचा ग्राइंडर. वेळ मोबाइलवर लावायची. माणसाचं अंग पलीकडे गेलं की थांबवायची.

काटेरी तारेची वेळ लावायलाच मिळाली नाही. पोरानं एक रिकामं बारदान तारेवर टाकलं आणि पाय टाकून पलीकडे उभा राहिला.

चेनलिंकचं जे झालं ते मात्र बघण्यासारखं होतं. माझी कल्पना, तो कटरनं घरं कापत कापत भोक पाडेल. त्यानं तसं काही केलं नाही. चेनलिंक म्हणजे नागमोडी तारा एकमेकींत गुंफत नेलेल्या असतात, कुठेही जोड नसतो, गाठ फक्त वर-खाली कडेला. ती गुंफण कुठून सोडवायची हे त्याच्या हाताला रोजच्या कामातून ठाऊक होतं. एक तार सुटल्यावर जाळी उसवलेल्या स्वेटरसारखी उभी फाकली आणि तो आडवासुद्धा न होता आत गेला. मिनिटही झालं नव्हतं. आवाज? शेजारच्या शेडमध्ये कळलं नसतं. दहा गेज आणि बारा गेज यांत फरक पडला तो काही सेकंदांचा. त्या फरकापायी आमच्या मंडळात किती वाद झाले होते! दादा जरा ओशाळले. ते वर्षानुवर्षं हीच जाळी विकत आलेत, आणि शेतात जनावरं रोखायला ती उत्तमच आहे.

वेल्डमेश, म्हणजे आडव्या-उभ्या तारा जिथे जिथे एकमेकींवरून जातात तिथे वेल्ड केलेली जाळी, उसवता येत नाही. तिथे पोरांना भोकच पाडावं लागलं. पण स्वस्तातल्या जाळीचे वेल्ड कच्चे निघाले. पहार अडकवून नेट लावला की टक-टक करत एकेक टाका सुटत जायचा. मी खाली पडलेला एक तुकडा उचलून पाहिला तर दोन तारा जिथे एकजीव व्हायला हव्यात तिथे नुसता काळा ठिपका होता, एकमेकींत शिरलेल्याच नव्हत्या. त्यावर जस्ताचा लेप छान चकचकीत. नुसत्या डोळ्यांनी हा माल ओळखणं कठीण आहे. तेव्हापासून जाळीचा नमुना आला की मी आधी शिकंजात धरून एक तार पिळून बघायला सांगते. वेल्ड सुटायच्या आधी तार वाकली पाहिजे.

शेवटचा तुकडा ३५८ जाळीचा. पुण्याच्या एका विक्रेत्याकडून नमुना म्हणून मागवला होता. या जाळीचं नावच तिच्या मापावरून पडलंय : घर ३ इंच बाय अर्धा इंच, तार ८ गेज. तुरुंगांच्या कुंपणाला ती वापरतात, म्हणून बाजारात तिला 'प्रिझन मेश' पण म्हणतात. अर्ध्या इंचाच्या फटीत बोट नीट शिरत नाही, बुटाचं टोक तर नाहीच, त्यामुळे चढायला आधार मिळत नाही. आणि बोल्ट कटरचा जबडाही आत जात नाही. पोरानं कटर उभा धरला, तिरपा धरला, शेवटी टाकून दिला. पहारीला फट मिळेना. हॅक्सॉनं एक तार कापताना घाम निघाला. मग ग्राइंडर काढला. ग्राइंडरपुढे कुठलीच तार टिकत नाही हे खरं, पण एकेक करत कितीतरी तारा कापायच्या, मध्ये चकती बदलायची. माणूस जाण्याजोगं भोक व्हायला चार-पाच मिनिटं सहज गेली. आणि तेवढा वेळ किंकाळी आणि ठिणग्या. रानात रात्री तो आवाज कुठपर्यंत जाईल याचा अंदाज शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको. मामांनी झोपेतही ऐकला असता.

इथे मी खूश होऊन थांबणार होते. काकांनी थांबू दिलं नाही. त्यांनी सोयाबीनचा भरलेला कट्टा आणायला लावला. "माणूस गेला आत. आता ह्यो बाहेर काढून दाखवा."

साठ किलोचा कट्टा त्या भोकातून ढकलताना कापलेल्या तारांनी पोतं फाटलं आणि सोयाबीन दोन्ही बाजूंना सांडलं. भोक मोठं करायचं म्हणजे अजून मिनिटं. दोघांनी तो कट्टा आठ फुटांवरून पलीकडे टाकायचा प्रयत्न केला, तो खांद्याच्या वर जाईना. चोराला एक कट्टा नेऊन भागत नाही. गाडी भरेल एवढे न्यावे लागतात, नाहीतर येण्याचं भाडं सुटत नाही. सोन्याच्या दुकानाचा आणि सोयाबीनच्या गोदामाचा हाच फरक. सोनं खिशात मावतं, तिथे माणूस आत गेला की खेळ संपला. आमच्याकडे माणूस आत गेल्यावर खेळ सुरू होतो. त्याला गाडी हवी, ती गोदामाच्या जवळ हवी, आणि गाडीपर्यंतची वाट मोकळी हवी. म्हणजे आमचं खरं कुंपण होतं ते गाडीसाठी, आणि त्यातली कच्ची जागा होती गेट.

त्या एका कट्ट्यानं आमचा सगळा आराखडा फिरवला. ३५८ जाळीचा दर चेनलिंकच्या कितीतरी पट होता, चारी बाजूंनी ती परवडणारच नव्हती. मग ती फक्त गाडी लागू शकते त्या बाजूंना घेतली. बाकी बाजूंना जाड तारेची, वेल्ड तपासलेली वेल्डमेश आणि बाहेरून जेसीबीनं चर. चर कुंपणाच्या अगदी पायाशी मारायचा नाही, थोडं अंतर सोडून. नाहीतर पावसाळ्यात काठ ढासळतो आणि खांबाखालची माती त्याच्यासोबत जाते. परदेशात ट्रक भरधाव येऊन आदळला तरी अडेल अशा अडथळ्यांच्या वेगळ्या चाचण्या असतात. अमेरिकेतल्या एम५० दर्जाला ६,८०० किलोचा ट्रक ताशी ८० किलोमीटरनं आणून धडकवतात. आम्हाला ट्रक थोपवायचा नव्हता. पिकअप मागे घेत जाळीला टेकवता येऊ नये, एवढंच हवं होतं. त्याला चर पुरतो.

अण्णांच्या भिंतीचाही निकाल तिथेच लागला. भिंतीला शिडी लावायला कितीसा वेळ लागतो? आणि एकदा का चोर भिंतीच्या आत उतरला की भिंत त्याचीच. बाहेरून कुणाला काही दिसत नाही, तो रात्रभर निवांत. जाळीतून मामांच्या बॅटरीचा उजेड तरी पलीकडे जातो. अण्णा म्हणाले, "मग आमच्या वाड्याच्या भिंती उगंच व्हत्या का?" वाड्यात वीस माणसं झोपायची, अण्णा, असं मी म्हणाले नाही, काका म्हणाले.

गेटाच्या वेळी मला देवगिरी किल्ला आठवत राहिला. मराठवाड्यात वाढलेल्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत तो पाहिलेला असतो. अंधारी, म्हणजे तिथली काळोखी भुयारी वाट, आणि खंदक लक्षात राहतात, दरवाजे फारसे कुणी बघत नाही. तिथे वाट दरवाज्यावर सरळ येत नाही, वळत वळत येते, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागाच मिळत नाही, आणि फळ्यांवर लोखंडी सुळे आहेत ते वेगळेच. आमच्या गेटासमोर मात्र डांबरी रस्त्यापासून नाकासमोर सरळ मुरमाची वाट होती. आम्ही ती मोडली, बाजूला मोठाले धोंडे टाकले आणि गेटाआधी काटकोनात वळण दिलं. मालाच्या ट्रकला वळायला जागा ठेवावी लागते, त्यामुळे ड्रायव्हर लोकांना घेऊन, फक्कीनं आखून, दोनदा वळण बदललं. तरी ते अजून शिव्या देतातच. (१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा देवगिरीचा किल्ला फुटला नव्हता, धान्याच्या म्हणून भरून ठेवलेल्या गोण्या मिठाच्या निघाल्या आणि यादव राजा रामदेवरायाला शरण जावं लागलं, असं सांगतात. गोदाम सांभाळणाऱ्या बाईला ही गोष्ट वेगळीच लागते. आमच्याकडे थप्पीतला कुठलाही कट्टा बांबी, म्हणजे आतला नमुना काढायची टोकदार नळी, मारून तपासल्याशिवाय नोंद होत नाही.)

गेटाची पाती खालून उचलली की बिजागरीतून निघून येत होती. तोडायची गरजच नव्हती. वरच्या बिजागरीच्या डोक्यावर लोखंडाची चकती वेल्ड केल्यावर ती हालेना. साखळी-कुलूप काढून आत सरकणारा अडसर आणि कुलपाभोवती पोलादी खोकं केलं, त्यात हात जातो पण कटर जात नाही. खांबांना जाळी धरणारे नट ठेकेदाराच्या माणसांनी सवयीनं बाहेरच्या बाजूला आवळले होते, कारण बाहेर उभं राहून आवळायला सोपं जातं. म्हणजे साधा पाना घेऊन आलेला माणूस अख्खी जाळी उतरवून ठेवू शकला असता. ते सगळे उलटे करून आतून टाके मारून घेतले. या कामाचा खर्च अगदी किरकोळ आला. कोटेशनात मात्र याची ओळ कुठेच नव्हती.

आता मातीचं. आमची जमीन काळी, खोल. मे महिन्यात भेगा अशा पडतात की कोपरापर्यंत हात जावा, आणि मृगानंतर तीच माती फुगते. दीड फूट खड्ड्यात काँक्रीट ओतून रोवलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो, जाळी सैल पडते आणि खालून फट होते. रस्त्यावरून जाताना कुठलंही प्लॉटिंगचं कंपाउंड पाहा, खांब झिंगल्यागत उभे असतात. अशा जमिनीत फुगवट्याखालच्या स्थिर थरापर्यंत जावं लागतं. इमारतींसाठी रूडकीच्या सीबीआरआयनं तळाशी फुगीर बुंधा असलेले पाइल काढले ते याच मातीसाठी. कुंपणाला तेवढं कोण करतं? आम्ही ऑगरनं मुरूम लागेपर्यंत भोकं मारली, खांब त्यात बसवले आणि खाली खांबाखांबांतून काँक्रीटची पट्टी ओतून जाळीची खालची कड तिच्यात धरली. फॅब्रिकेशनवाले दादा म्हणाले, "ताई, कंपाउंड करायलाव का बिल्डिंग?" पण उकरून खालून शिरण्याचा मार्ग त्यामुळेच बंद झाला. रानडुकरं त्यावर आधी येऊन तपासणी करून गेली, पट्टीला हरली.

राहिली कळण्याची सोय. एका संचालकांनी सुचवलं, तारेत सरळ लाइट सोडा. मी ते इतिवृत्तातसुद्धा लिहू दिलं नाही. डुकरांसाठी तारेत घरगुती वीज सोडली आणि माणूस मेला, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मेलेला बहुधा शेजारचा किंवा घरातलाच असतो, आणि सोडणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. झटका मशीन निराळं. ते वीज सलग सोडत नाही. सेकंदाला एकच ठोका देतं, तोही सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरता. आंतरराष्ट्रीय मानकात त्या ठोक्याच्या ऊर्जेला ५ ज्युलची मर्यादा आहे. हाताला सणसणीत बसतो, जीव जात नाही. आमच्या कामाचा गुण मात्र झटक्याचा नव्हता. तार कापली किंवा जमिनीला टेकवली की तारेतला विजेचा दाब उतरतो, आणि तो उतरला की सायरन वाजवणारी मशीनं मिळतात. आम्ही जाळीच्या आतल्या अंगाला, चुकून कुणाचा हात लागणार नाही अशा बेतानं, झटक्याच्या तारा घेतल्या, सौर बॅटरीवर. रात्रीचं भारनियमन चोरालाही पाठ असतं. दर थोड्या अंतरावर पाट्या लावल्या, वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशा चित्राच्या. कुंपणाच्या दोन्ही बाजूंची वेडी बाभूळ उपटून पट्टा मोकळा केला आणि दिवे बाहेर तोंड करून लावले, म्हणजे बाहेरच्याच्या डोळ्यांवर उजेड आणि मामा अंधारात.

एवढं झाल्यावर एका रात्री, पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवून, सायरन मुद्दाम वाजवला. गावातून माणसं यायला जो वेळ धरला होता त्याच्यापेक्षा जास्त लागला. मोटारसायकलींच्या किल्ल्या सापडेनात, एकाचं पेट्रोल संपलेलं. अण्णा मात्र सगळ्यांत आधी, पायजम्यावरच. त्यानंतर फोनची साखळी ठरवली : मामा दोघांना, ते दोघं पुढे चौघांना, आणि ११२ चा फोन पहिल्याच दोघांपैकी एकानं करायचा.

नंतर वेगळाच ताप सुरू झाला. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की दाब उतरायचा आणि सायरन बोंबलायचा. पहिल्या काही वेळा गाव धावत आलं. मग हळूहळू "गवतच असंल" म्हणायला लागलं, आणि एका रात्री सायरन वाजूनही मामांशिवाय कुणी बाहेर आलं नाही. खरंच गवत होतं, पण मी त्या रात्री झोपले नाही. एवढी जाळी, एवढं काँक्रीट, आणि सगळा डोलारा त्या एका आवाजावर लोक उठतात की नाही यावर उभा. आता खालची तार जरा वर घेतलीय, पट्ट्यातलं गवत पावसाळ्यात दर पंधरवड्याला काढायचं काम एका बचत गटाला दिलंय, आणि सायरन वाजल्यावर मामा आधी बॅटरी घेऊन स्वतः बघतात, मग शिट्टी मारतात. शिट्टी ऐकली की निघायचं. यात आपली एक-दोन मिनिटं जातात, मला ते डाचतं. काका म्हणतात, दहा वेळा खोटं उठवण्यापेक्षा दोन मिनिटं गेलेली परवडली. मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण यापेक्षा बरं सुचलेलंही नाही.

विमा झाला, नोंदणीही झाली. शटर अजून जुनंच आहे. त्याच्या पट्ट्या पातळ आहेत आणि पहारीपुढे फार वेळ काढणार नाहीत, तेव्हा पुढच्या हंगामाच्या नफ्यातून आत दुसरं जाळीचं दार बसवायचं मंडळानं मंजूर केलंय. कुंपणाचीही एक बाजू पैशांअभावी अपुरी राहिली. ती कोणती, हे अर्थातच इथे लिहीत नाही.